जनाबाईंचे पाखरू आणि वानर

गंगाखेडात राहून मराठी शिकवायचे म्हणजे जनाबाईंपासून सुटका नाही. ती आम्हांला नकोही आहे. गोदावरीच्या दक्षिण काठावरचे हे गाव जनाबाईंचे जन्मगाव. दामाशेटींच्या घरी, म्हणजे नामदेवांच्या घरी, दासी म्हणून त्यांचे आयुष्य पंढरपुरात गेले. पण गावाने आपली लेक विसरली नाही. वर्गातल्या विद्यार्थ्यांनी दळणाचे आणि शेणीचे अभंग आजीच्या तोंडून ऐकलेले असतात. त्यामुळे जनाबाई शिकवताना विद्यार्थी बहुधा ऐकून घेतात, प्रश्न विचारत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मात्र एकाने विचारला. जनाबाईंच्या नावावरचा एक प्रसिद्ध अभंग आहे. पिलांच्या चाऱ्यासाठी दूर दूर उडत जाणारे पाखरू, घिरट्या घालतानाही पिलाकडे झेप घेणारी घार, कामात गुंतलेली आई आणि पिलू पोटाशी धरून झाडांवरून हिंडणारे वानर असे चार दृष्टान्त देऊन विठ्ठल आपल्याकडे तसाच पाहतो, असे जनी त्यात सांगते. आम्ही वात्सल्याचे विवेचन करीत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, वानर म्हणजे काळ्या तोंडाचं की लाल तोंडाचं? आणि पाखरू कोणतं?’ वर्ग हसला. आम्हीही हसलो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही कसेबसे दिले. दुसऱ्याचे देता आले नाही. शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना आम्हां तिघांत हाच विषय निघाला आणि ध्यानात आले की वानराविषयी आपण अर्धा तास बोलू शकतो, पाखराविषयी मात्र ‘छोटेसे, गोड गळ्याचे’ यापलीकडे आपल्याजवळ शब्द नाही.

पुढचे दोन वर्षांचे वाचन त्या फजितीतून निघाले. आम्ही प्राणिशास्त्राचे नव्हे, मराठीचे अध्यापक आहोत. म्हणून जे लिहितो आहोत तो निसर्गाचा इतिहास नसून माणसाच्या नजरेचा इतिहास आहे, असे समजावे. पाखरू म्हणून आम्ही हिरव्या मुनियेची निवड केली आणि वानर या शब्दाखाली माकडाची. निवड थोडी मनमानी आहे. जनाबाईंच्या मनात मुनिया होती असा आमचा दावा नाही. पण हे दोन जीव गेली तीनशे-साडेतीनशे वर्षे एकाच बाजारात शेजारी-शेजारी उभे राहिले आहेत. एकाला त्या बाजारातून बाहेर पडता आले; दुसरे अजून पुरते बाहेर पडलेले नाही.

आधी मुनियेकडे वळू. मराठीत तिच्या कुळाला मनोली असे गोड नाव आहे. चिमणीपेक्षाही लहान, जाड चोचीची, गवताचे बी टिपणारी ही पाखरे थव्याने राहतात. त्यांतली लाल मुनिया विणीच्या दिवसांत नर पिकल्या बोरासारखा तांबडा होतो म्हणून सर्वांना ठाऊक. हिरवी मुनिया तिची चुलत बहीण : पाठ शेवाळी हिरवी, पोट पिवळे, कुशीवर काळेपांढरे पट्टे आणि चोच लाल. ती फक्त भारतात आढळते. दक्षिण राजस्थानातील अबूचा परिसर, मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्राचा काही भाग, ओडिशा असा तिचा तुटक-तुटक प्रदेश आहे. उंच गवत, झुडपे आणि उसाचे फड यांत ती गवताचा गोलसर खोपा विणते. परभणी जिल्ह्यात आम्हांला ती दिसलेली नाही; आमच्या उसांत ठिपकेवाली मनोली असते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हिरवी मुनिया ‘असुरक्षित’ या वर्गात मोडते, आणि त्याचे एक प्रमुख कारण पिंजरा हे आहे.

या पिंजऱ्याची कथा जुनी आहे. इंग्रजीत या दोन्ही मुनियांना जे नाव आहे, ‘अवदवत’ किंवा ‘अमदवत’, ते चक्क अहमदाबादचे अपभ्रष्ट रूप आहे. सतराव्या शतकात ही पाखरे अहमदाबादेहून सुरतेच्या वखारीमार्गे युरोपात जात. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७० च्या दशकात मुंबई-सुरतेस होता. जुन्नरलाही तो जाऊन आला, म्हणून मराठी इतिहासाचे अभ्यासक त्याला ओळखतात. त्याचे प्रवासवृत्त १६९८ मध्ये छापले गेले, आणि एका पिंजऱ्यात पन्नास-पन्नास पाखरे कशी कोंडलेली असत व एकाने सूर धरला की बाकीची कशी साथ देत, याची कौतुकाची नोंद त्यात आहे. शिवकाळातील मुलूख डोळ्यांनी पाहणाऱ्या या माणसाला त्या पन्नासांचे गाणे ऐकू आले. दाटी त्याला दिसली, पण खुपली नाही. पुढे १७५८ साली लिनीयसने लाल मुनियेला शास्त्रीय नाव दिले, त्यातही ‘अमंदवा’च ठेवले. अशा रीतीने पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्याचे घर नोंदले गेले नाही, त्याची बाजारपेठ नोंदली गेली. मराठीच्या माणसाला हे थोडे टोचते. आपल्या शेतातल्या पाखराचे जगभरचे नाव व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवरून पडावे!

माकडाचा बाजार फार उशिरा सुरू झाला. पण सुरू झाला तेव्हा मुनियेच्या व्यापाऱ्यांनी तोंडात बोट घालावे असा. येथे माकड म्हणजे लाल तोंडाचे, उत्तर भारतातले. शास्त्रज्ञ त्याला ऱ्हीसस म्हणतात. आपल्या रक्तगटापुढे जे ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’ लिहिले जाते, तो ऱ्हीसस घटक १९४० मध्ये याच माकडाच्या नावावरून प्रसिद्ध झाला. नंतर पोलिओची लस आली. १२ एप्रिल १९५५ रोजी साल्कची लस सुरक्षित व परिणामकारक असल्याची घोषणा अमेरिकेत झाली आणि आईबापांनी रस्त्यांवर येऊन आनंद केला. त्या लशीचा विषाणू वाढवला जाई तो माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर. लस हवी तर माकड हवे, आणि माकड हवे तर हिंदुस्थान. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षाला लाखाच्या वर माकडे भारतातून विमानाने बाहेर गेली.

हनुमंताच्या देशात हे कसे खपले, हा प्रश्न आम्हांला प्रथम पडला. उत्तर असे की पुरते खपले नाही. जानेवारी १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर एका बंद गाडीत सुमारे चारशे भारतीय माकडे गुदमरून मेली. बातमी पसरली, गदारोळ झाला आणि त्याच वर्षी भारत सरकारने निर्यात काही काळ थांबवली. मग तडजोड झाली : माकडे केवळ लसनिर्मिती आणि मानवाच्या कल्याणाचे वैद्यकीय संशोधन यांसाठीच वापरली जातील, अशी हमी अमेरिकेने दिली आणि निर्यात पुन्हा सुरू झाली. हमी पाळली गेली असती तर पुढे काय झाले असते कोण जाणे. पण १९७० च्या दशकात अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळांत भारतीय माकडांवर अणुकिरणांचे प्रयोग होत असल्याचे उघड झाले, ‘इंटरनॅशनल प्रायमेट प्रोटेक्शन लीग’ या संघटनेने ते वृत्तपत्रांपर्यंत पोचवले आणि मोरारजी देसाईंच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून माकडांची निर्यात पूर्णपणे बंद केली.

हा निर्णय श्रद्धेचा विजय म्हणून सांगितला जातो. आम्हांला तो तसा वाटत नाही. श्रद्धा १९५० मध्येही होती, आणि तेव्हाही माकडे परदेशी पाठवली जातच होती. निर्णय झाला तो करार मोडल्याने. माकडाला देव होता, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या नावे एक कागद होता, आणि तो कागद मोडला गेला हे कोणाला तरी दाखवून देता आले. शिवाय माकड मोजता येत होते. अलीगढ विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ आणि चार्ल्स साउथविक यांनी १९५९-६० मध्ये उत्तर प्रदेशात माकडांची शिरगणती केली आणि पुढे अनेक वर्षे ती अलीगढ जिल्ह्यात चालू ठेवली. संख्या कशी घटली आणि निर्यातबंदीनंतर कशी पुन्हा चढली, हे त्या आकड्यांतून दिसते. गवतात लपणाऱ्या, तळहातावर मावणाऱ्या पाखराची अशी शिरगणती कोण करणार?

तसे पाहिले तर कायदा मुनियेलाही मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि देशी पाखरांचा व्यापार सरसकट बंद झाला. १९९७ मध्ये हिरवी मुनिया वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली. कागदोपत्री सारे यथासांग. तरी उत्तरेतल्या मोठ्या पाखरूबाजारांतून ती पकडली जातच राहिली. आमच्यापैकी ज्यांचे बालपण आठवडी बाजारांत गेले त्यांना बांबूच्या कामट्यांचे चपटे पिंजरे आठवत असतील : गुलाबी, पोपटी, निळ्या रंगांत बुडवून काढलेल्या मनोल्या, ‘विलायती चिमणी’ म्हणून विकलेल्या. पहिल्या अंघोळीत रंग जाई आणि दुसऱ्या आठवड्यात बहुधा पाखरूही. शेजारीच डमरू वाजवीत माकडवाला खेळ करी. १९९८ च्या सरकारी अधिसूचनेनंतर माकडाच्या खेळावर बंदी आली आणि डमरू हळूहळू थांबले. पिंजरे पिशवीत गेले, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट आम्हांला अस्वस्थ करून गेली. ही पाखरे पाळण्यासाठीच नव्हे, तर सोडण्यासाठीही विकत घेतली जातात. पुण्य म्हणून. दहा पाखरे विकत घ्यायची, दार उघडायचे, हात जोडायचे. ज्याने पकडली त्याला उद्या आणखी दहांची मागणी मिळते. सुटलेली बरीचशी पंख चिंबलेली, उपाशी, परक्या शहरात गवताशिवाय. माकडाला दयेने जगवले असे म्हणणाऱ्यांनी ही दुसरी दयाही हिशेबात धरावी.

आता आपल्या नदीकडे येऊ. कारण माकडाची कहाणी १९७८ वर संपत नाही, आणि तिचा पुढचा अध्याय गोदेच्या आसपासच घडतो आहे. दक्षिण भारतात आणखी एक माकड आहे : डोक्यावर केसांचा भांग पाडून टोपी घातल्यासारखे दिसणारे, अंगापेक्षा लांब शेपटीचे, स्वभावाने काहीसे सौम्य. हे टोपी माकड. जुन्या प्राणिशास्त्रीय ग्रंथांत उत्तरेचे लाल माकड आणि दक्षिणेचे टोपी माकड यांची सीमा पश्चिमेस तापी आणि पूर्वेस गोदावरी अशी आखलेली असे. नदी ही दोन बोलींची सीमा असते हे आम्ही भाषाशास्त्राच्या तासाला शिकवतो. ती दोन माकडांचीही सीमा असते हे आम्हांला ठाऊक नव्हते. ही सीमा आता राहिलेली नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लाल माकड दक्षिणेकडे कसे सरकत आहे आणि टोपी माकडाला कसे हटवीत आहे, हे दाखवले. त्याला माणसाचाही हातभार आहे. शहरात उपद्रव देणारी माकडे पकडून दूर कुठेतरी सोडली की आपले काम झाले, असे आपण मानतो. टोपी माकड आज ‘असुरक्षित’ वर्गात आहे. म्हणजे हिरव्या मुनियेच्याच पंक्तीत.

थोडे थांबून पाहावे. ज्या दयेने उत्तरेचे माकड वाचले त्याच दयेला दक्षिणेचे माकड दिसत नाही, कारण दोन्हींचे नाव एकच : माकड. शेंगदाणे टाकणारा हात भेद करीत नाही. आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्याच्या अनुसूचींतून लाल माकडाचे नाव वगळले गेले. निर्यातबंदीला बरोबर पंचेचाळीस वर्षे होत असताना, त्याच तारखेस. योगायोगच, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावा असा.

नावांच्या बाबतीत आपली मराठी तशी दरिद्री नाही. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. लाल तोंडाचे ते माकड. कोकणात त्यालाच केलडे. म्हणून त्या विद्यार्थ्याला आम्ही सांगितले की जनाबाईंच्या अभंगातला शब्द काळ्या तोंडाच्याकडे बोट दाखवतो. गंगाखेडच्या घाटावर आजही तेच अधिक दिसते. या वानरावर आपल्याकडे जाणतेपणाने लिहिलेही गेले आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९८२ च्या ‘सत्तांतर’ला पुढल्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि वानरांच्या टोळीतली सत्ता कशी पालटते हे मराठी वाचकाला कळले. त्याआधी १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानी शास्त्रज्ञ युकिमारू सुगियामा यांनी धारवाडजवळ वानरांचे निरीक्षण करताना पाहिले होते की नवा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा आधीच्या नराची पिले मारली जातात. सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात अबूला हाच अभ्यास पुढे नेला आणि जगभर वाद माजला. हे वाचल्यावर अभंगातल्या पोटाशी धरलेल्या पिलाकडे आम्हांला पूर्वीसारखे पाहता आले नाही. ती मिठी केवळ मायेची नाही, भयाचीही आहे. जनाबाईंना हे ठाऊक असेल का? दासी म्हणून परक्या घरी वाढलेल्या बाईला आधाराला घट्ट धरून राहणे म्हणजे काय, ते कोणी शिकवायला नको होते, एवढेच आम्ही म्हणू.

आणि अबू! हर्डी ज्या डोंगरावर वानरांच्या मागे हिंडल्या तोच हिरव्या मुनियेचा राहिलेला मोठा आश्रय. एकाच डोंगरावरचे वानर समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेले. पायथ्याच्या झुडपांतले पाखरू हौशी पक्षिनिरीक्षकांच्या वहीपुरते राहिले.

मराठवाड्यात वानर-माकडांचे कौतुक आणि राग दोन्ही टोकाचे. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावी बत्तीस एकर जमीन माकडांच्या नावे नोंदलेली असल्याची बातमी २०२२ मध्ये देशभर गाजली. ती नोंद कोणी केली हे गावालाही सांगता आले नाही. पण पूर्वी लग्नकार्यात पहिला मान माकडांचा असे, हे मात्र सांगता आले. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातील लवूळ गावात वानर कुत्र्यांची पिले उचलून छपरांवर नेऊ लागले आणि वन विभागाने दोन वानर पकडून नेले. वाहिन्यांनी त्याला सूडाची कथा बनवले. एकीकडे सातबारा, दुसरीकडे सूड. दोन्हींत वानर माणसासारखा आहे हे गृहीत आहे. वारस होण्याइतका माणूस, आणि गुन्हेगार होण्याइतकाही. आपल्या म्हणींतही तो असाच वावरतो. मर्कटाच्या हाती कोलीत देणारे आपण, मर्कटचेष्टा म्हणून पोरांना दटावणारे आपण.

मुनियेवर म्हण नाही, सातबारा नाही, सूडकथा नाही. ती माणसासारखी नाही. ती पोटाशी पिलू धरीत नाही. खोपा सोडून दाण्यासाठी दूर जाते, आणि त्या जाण्यातच तिचे फावते किंवा घात होतो. जनाबाईंनी दोघांना एकाच मापाने मोजले, हे आम्हांला उशिरा उमगले. त्या अभंगात सोडून जाणारे पाखरू आणि सोडत नसलेले वानर यांच्यात कमी-अधिक काही नाही. पुढच्या साडेसहाशे वर्षांत आपण मात्र जवळ धरणारा तेवढा ओळखीचा ठेवला.

पाखराच्या नावांसाठी आम्ही मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ घेऊन बसलो. आयुष्यभर जंगलात राहून पाखरांची लोकनावे वेचणारा हा लेखक जून २०२५ मध्ये गेला. मग वाटले, कोश झाला, आता आपला तालुका पाहावा. विद्यार्थ्यांना काम दिले : घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून माकडाची आणि ज्वारीवर उतरणाऱ्या लहान पाखरांची नावे लिहून आणा. माकडाला सहा-सात नावे आली, त्यांत दोन शिव्या. पाखरांच्या रकान्यात जवळजवळ सगळ्यांनी ‘चिमणी’ किंवा नुसते ‘पाखरू’ लिहिले. गोफणीचा दगड ज्याच्यावर टाकायचा त्याचे नाव कशाला विचारा, असे एकाच्या आजीने सुनावल्याचेही कळले. बरोबरच आहे तिचे; दाणे तिचे जात होते.

एकीची वही मात्र वेगळी होती. ती पारधी वस्तीतली. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, १९५२ मध्ये तो कायदा गेला तरी शिक्का गेला नाही, आणि १९७२ च्या कायद्याने ज्यांचे फासे बेकायदा झाले, त्या समाजातली. पाखरे वाचवणाऱ्या कायद्याने या माणसांना काय दिले, हा प्रश्न आमच्या वाचनात फारसा कोणी विचारलेला आढळला नाही. तिच्या आजोबांनी अकरा नावे सांगितली होती. प्रत्येकापुढे आवाज कसा, थवा किती, कोणत्या गवतावर बसते हेही. वही आणून देताना ती जरा घाबरली होती. हे लिहून दिले तर आजोबांना कोणी काही म्हणणार नाही ना, असे तिने दोनदा विचारले.

अकरांपैकी चार नावे कोशाशी जुळली. राहिलेली सात कोणत्या पाखरांची, हे कागदावर ठरण्यासारखे नाही. पाऊस उघडला की एका पहाटे त्या आजोबांबरोबर नदीकाठच्या गवतात जायचे, असे आम्ही ठरवले आहे. फासा न घेता या, असे त्यांना सांगण्याचा धीर मात्र आमच्यापैकी कोणालाच झाला नाही. ‘फासे कधीच जाळले सर,’ हे त्यांनीच हसत निरोपात कळवले.